नळी तुटली तरी

दाबाच्या हवेचा धडा मी पिंपरीच्या एका कारखान्यात शिकलो, तोही वाईट तऱ्हेने. देखभाल विभागात नवा होतो. दुसऱ्या पाळीत एका ड्रिलच्या क्लॅम्पची हवेची नळी निसटली आणि पकड क्षणात सुटली. जॉब गरगरत उडाला, ऑपरेटरची दोन बोटे गेली. चौकशी बरेच दिवस रेंगाळली. त्याच दिवसांत ग्रंथालयात जॉर्ज वेस्टिंगहाऊसचे चरित्र माझ्या हाती पडले.

१८४६ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या यंत्रशाळेत वाढला. १८६६ मध्ये त्याने दोन मालगाड्यांच्या टकरीनंतरचा खच पाहिला. चालकांनी एकमेकांना पाहिले होते, पण गाड्या वेळेत थांबल्या नाहीत. तेव्हा ब्रेकमन टपावरून धावत एकेका डब्याचे हातब्रेक आवळत. पावसात, बर्फात कितीतरी जण घसरून मेले. वाफेने ब्रेक लावावेत, तर लांब नळीत तिचे पाणी होई. मग आल्प्समधल्या माँ सेनी बोगद्यात दाबाच्या हवेवर खडक फोडतात, असे त्याच्या वाचनात आले आणि वाट सापडली. (पाणी हवेतूनही सुटतेच. टाकीखालचा कॉक उघडून ते रोज काढावे लागते. आळस केला की झडपा गंजतात.)

१८६९ मध्ये, २२ व्या वर्षी, त्याला पेटंट मिळाले. इंजिनावर पंप आणि टाकी, तिथून डब्याडब्याखाली नळी. चालकाने नळीत हवा सोडली की ब्रेक लागत. पण नळी फुटली किंवा डबे सुटले, तर ब्रेकच नाहीत. म्हणजे आमच्या क्लॅम्पचेच दुखणे!

१८७२ मध्ये त्याने सारी रचना उलटी केली. नळीत दाब कायम ठेवला आणि प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी व तिहेरी झडप दिली. नळीतला दाब उतरला की झडप सरकते, डब्याच्या टाकीतली हवा सिलिंडरात जाते आणि ब्रेक लागतो. डबे तुटून मागे राहिले तरी ते आपोआप थांबतात.

तरी मालगाड्यांनी त्याला छळलेच. १८८६-८७ च्या बर्लिंग्टन चाचण्यांत ५० डब्यांच्या गाडीचे पुढचे डबे आधी थांबत आणि मागचे त्यांच्यावर आदळत. दाब उतरल्याची वर्दी शेपटापर्यंत पोचायला वेळ लागे. १८८७ मध्ये त्याने जलद झडप केली. १८९३ मध्ये अमेरिकेत कायदाही झाला. त्याच्या विजेच्या उद्योगावर वेगळा लेख होईल. १९०७ च्या मंदीत ती कंपनी त्याच्या ताब्यातून गेली. १९१४ मध्ये तो वारला.

पुस्तक मिटले आणि साहेबांकडे गेलो. पकड स्प्रिंगने धरावी, हवेने फक्त उघडावी, एवढीच माझी मागणी होती. खर्चावरून दोन महिने वाद झाला. अखेर नवा क्लॅम्प बसला, तेव्हा बोटे गमावलेला तो ऑपरेटर स्टोअरमधून मुद्दाम आला. मशीन बंद असताना त्याने जॉब आवळायला लावला, बाजूला उभे राहून हवेचा कॉक बंद केला आणि नळीतली हवा सोडून दिली. मग जॉबला हात लावून पाहिला. तो हलला नाही.