भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला.

‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. मुलीचे मन रमविण्यासाठी तो लिहिला, ही कथा गोड खरी. पण तिला भक्कम आधार नाही. त्यातील ‘अंकपाश’ हे अखेरचे प्रकरण मात्र मोठे मौजेचे आहे. विष्णूला चार हात. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे. एका हाती एकच आयुध द्यावयाचे, तर मूर्ती किती तऱ्हांच्या होतील? यादी करीत बसावे, तर एखादी तऱ्हा सुटते, एखादी दोनदा येते. आचार्यांनी यादीच टाळली. पहिल्या हाताला चारांतून निवड, दुसऱ्याला उरलेल्या तिहींतून, तिसऱ्याला दोहोंतून. चौथ्याला उरेल ते. गुणाकार २४. केशव, नारायण आदी विष्णूच्या चोवीस मूर्ती याच अदलाबदलीने ओळखतात. दशभुज शंकराच्या दहा आयुधांचे प्रकार तर ३६,२८,८०० होतात!

पुढचे कोडे अधिक अवघड. पाच स्थानी शून्याखेरीज अंक असे मांडावेत, की बेरीज १३ यावी. अशा संख्या ४९५ भरतात.

११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्या काळी ग्रंथ हस्तलिखितच. शिकविणारा नसेल, तर पोथी लोपण्यास वेळ लागत नसे. म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यास १२०७ साली मिळालेल्या दानाची नोंद तेथील शिलालेखात आहे.