समजून घ्या : पुनर्विकासात आधी पायवाट पाहणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

जुनी वस्ती पाडून टॉवर उभे राहू लागले की सर्वात आधी गायब होतो तो फुटपाथ. पत्रे ठोकले जातात, गल्ली बंद होते आणि शाळेची मुले डंपरच्या कडेने चालू लागतात. पायी चालणाऱ्यांची वाट आधी आखायची की शेवटी? शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या गल्ल्या तुडवत या प्रश्नाला भिडलेला माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस.

गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८५४, स्कॉटलंड. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम अवघड झाले आणि लक्ष समाजाकडे, शहरांकडे वळले. लग्नानंतर पत्नी ॲनासह ते एडिनबरोच्या जुन्या, गलिच्छ भागात मुद्दाम राहायला गेले. मोडकळीला आलेली घरे तेवढी काढायची, बाकीची दुरुस्त करायची, मोकळ्या जागेत झाडे लावायची, ही पद्धत त्यांनी तिथेच घडवली.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका 'एम्डेन'ने बुडवले. त्यांनी ते पुन्हा उभे केले.

तेव्हा रोगराईवर ठरलेला उपाय होता : नकाशावर पट्टी ठेवून वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढणे. घरे जात आणि बेघर झालेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहत. गेडिस आधी तासन्‌तास पायी फिरत. विहीर कुठे, देऊळ कुठे, कोणत्या झाडाखाली माणसे बसतात, ते पाहत. एक पडके घर काढले की बंद बोळ पलीकडच्या गल्लीला मिळतो, हे त्यांना चालताना दिसे. घरापर्यंत जाणारी गल्ली माणसांच्या पायांसाठी आहे, तिला हमरस्त्याची रुंदी कशाला, असा त्यांचा हिशेब. खर्चही कितीतरी कमी.

सर्वात गमतीचा प्रयोग होळकरांच्या इंदुरातला. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले, पण नेहमीच्या मार्गाने नाही. ज्या रस्त्यांवर घरांची सफाई-दुरुस्ती सर्वाधिक होईल तिथून ती जाणार होती. घरोघरी झाडलोट, रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता आणि स्वच्छ पोशाखातले सफाई कामगार मानाने चालत होते. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला.

त्याआधीचे वर्ष मात्र त्यांच्यासाठी भयंकर ठरले. १९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच ॲना भारतात वारल्या. गेडिस कामावर टिकून राहिले. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, गो. स. घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवण्यात त्यांचा हात होता. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. भारतातल्या त्यांच्या अनेक सूचना अहवालांतच राहिल्या.