मानेतली गादी सरकली की फाईलवर एम५० येतं, त्यामागे दवाखाना न चाललेला एक डॉक्टर आहे

मान आखडते, दुखणं खांद्यातून हातात उतरतं, बोटांना मुंग्या येतात. एमआरआय काढल्यावर कळतं की मानेतली गादी सरकलीय. पुढे विम्याचा क्लेम टाकायची वेळ येते तेव्हा फॉर्मवर आयसीडी-१० कोडचा रकाना दिसतो, आणि तिथं एम५० ने सुरू होणारा नंबर भरलेला असतो. सोबत मज्जारज्जूवर दाब असेल तर एम५०.०, हाताकडे जाणारी नस दबली असेल तर एम५०.१, नुसतीच गादी सरकली असेल तर एम५०.२. अमेरिकेने हे आणखी बारीक केलंय. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी एम५०.२२२ आणि सहाव्या-सातव्यामधली एम५०.२२३. डॉक्टरने कागदावर फक्त मानदुखी लिहिलं तर कोड होतो एम५४.२, आणि गादीचा उल्लेखच उडून जातो.

दुखण्याचं नाव नेमकं लिहा, आणि ते शरीरात कुठे आहे हेही सांगा. हा आग्रह सरकारी कागदावर आणणारा माणूस म्हणजे विल्यम फार.

विल्यमचा जन्म १८०७ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातला. घरची गरिबी. जोसेफ प्राईस नावाच्या गावातल्या एका सधन गृहस्थाने त्याला लहानपणीच आपल्याकडे ठेवून घेतलं आणि शिकवलं. १८२८ मध्ये प्राईस वारले, पण जाताना त्याच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेले. त्या पैशावर विल्यमने पॅरिस गाठलं. तिथं तेव्हा औषधाचा गुण रुग्ण मोजून ठरवायचा, ही नवी पद्धत रुजत होती. आकड्यांचं वेड त्याला तिथंच लागलं.

लंडनला परतल्यावर १८३२ मध्ये त्याने औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना घेतला. डॉक्टरकीसाठी परीक्षा देऊन मिळवलेली त्याची पात्रता एवढीच. दवाखाना टाकला, पण तो काही चालला नाही. मग वैद्यकीय मासिकांत लिहून घर चालवायचं. १८३७ मध्ये त्याची पहिली बायको क्षयाने गेली.

त्याच वर्षी १ जुलैपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. ढिगाने कागद येऊ लागले आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस हवा होता. विल्यमला ती नोकरी मिळाली आणि पुढची चाळीस वर्षं तो तिथंच राहिला.

कागद उघडल्यावर त्याला दिसला तो नुसता गोंधळ. एकाच आजाराला तीन-चार नावं, एकाच नावाखाली वेगवेगळे आजार. मूळ रोग सोडून शेवटी उद्भवलेली गुंतागुंतच लिहिलेली. अशा नोंदींची बेरीज करून काय हाती लागणार? १८३९ च्या पहिल्याच वार्षिक अहवालात त्याने हे मांडलं आणि आजारांची स्वतःची यादी दिली. वजन-मापांना जे महत्त्व भौतिकशास्त्रात, तेच इथं नावांना आहे, असा त्याचा मुद्दा होता.

नाव लिहिण्यावरून भांडणं होतात, हेही त्याला लगेच कळलं. त्या अहवालात ६३ मृत्यू उपासमारीने झाल्याचं नोंदलं होतं. गरिबांच्या मदतीचा कायदा राबवणारे एडविन चॅडविक यावर खवळले. असे मृत्यू कागदावर येणं म्हणजे थेट त्यांच्या खात्यावर ठपका. विल्यम मागे हटला नाही. भूक क्वचितच सरळ मारते, ती माणसाला खिळखिळं करते आणि मग आजार त्याला नेतो, म्हणून खरा आकडा याहून मोठा असणार, असं त्याने उलट सुनावलं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला हा सगळ्यात धीट प्रसंग म्हणायला हवा.

पण तो चुकलाही, आणि चांगलाच चुकला. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात त्याला आढळलं की थेम्स नदीपासून वस्ती जितकी उंचावर, तितके मृत्यू कमी. दोष त्याने नदीकाठच्या घाण हवेला दिला. पाण्यातून कॉलरा पसरतो हे सांगणाऱ्या जॉन स्नोला मृतांच्या नोंदी पुरवणारा विल्यमच होता, तरी स्वतः तो ते पूर्ण मानत नव्हता. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा कॉलरा आला. यावेळी मृत्यू एकाच पाणी कंपनीच्या भागात एकवटलेले दिसले. तेव्हा त्याने पाण्याचं कारण मान्य केलं. स्नो जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती.

आजारांच्या यादीचं काम या सगळ्यात सुरूच होतं. १८५३ मध्ये ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीनला सगळ्या देशांना चालेल अशी यादी करायला सांगितलं. दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या. विल्यमचे गट पाच होते: साथीचे रोग, सर्वांगाचे रोग, शरीरातल्या जागेनुसार मांडलेले स्थानिक रोग, वाढीशी संबंधित रोग आणि इजा. १८५५ मध्ये पॅरिसला तडजोड होऊन १३९ नावांची एक यादी ठरली. ती फारशी कुठे रुळली नाही.

यादी मृत्यूच्या कारणांची होती. मानेच्या गादीने कोणी मरत नाही, त्यामुळे असल्या दुखण्यांना त्यात जागा नव्हती. आणि सरकलेली गादी नस दाबते हे तरी तेव्हा कुठे माहीत होतं? ते अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये मांडलं. पण जीव न घेता माणसाला कामातून उठवणारे आजारही याच पद्धतीने नोंदवावेत, असं विल्यमने १८५६ मध्येच सुचवलं होतं. सैन्य, इस्पितळं, तुरुंग अशा ठिकाणचे आजारी त्याच्या डोळ्यांसमोर होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासोबत सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे त्याने याच काळात तपासले.

१८७९ मध्ये खात्याचे प्रमुख निवृत्त झाले. ती खुर्ची आपल्याला मिळेल असं विल्यमला वाटत होतं. ती गेली ब्रिजेस हेनिकर नावाच्या एका सरदार घराण्यातल्या माणसाकडे. विल्यमने १८८० मध्ये नोकरी सोडली आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये तो वारला.

दहा वर्षांनी फ्रान्सच्या जॅक बर्तियाँ यांनी शिकागोत नवी यादी मांडली. सर्वांगाचे रोग वेगळे आणि एकेका अवयवाचे वेगळे, हे विल्यमचंच तत्त्व त्यांनी ठेवलं. ती यादी देशोदेशी स्वीकारली गेली, दर काही वर्षांनी सुधारत गेली आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीत पहिल्यांदा जीव न घेणारे आजारही घेतले गेले. एम५० हा कोड दहाव्या आवृत्तीतला.