गजाननबुवांचे गाणारे व्हायोलिन

व्हायोलिन हे वाद्य परदेशातून आले. परंतु रागसंगीताच्या मैफलीत त्यास मानाचे आसन मिळवून देणाऱ्यांत कै. गजाननबुवा जोशी अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १९११ साली मुंबईस झाला. वडील अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यामुळे ग्वाल्हेर गायकीची तालीम घरातच मिळाली. व्हायोलिन मात्र बुवांनी स्वतःच्या परिश्रमाने साध्य केले.

या वाद्यास पडदे नसतात. म्हणून मींड अखंड राहते. पण बोट केसभर ढळले की स्वर बिघडतो. बुवांचा गज गायकाच्या श्वासासारखा चाले, आणि आलापापासून तानेपर्यंत राग जणू कंठातूनच उमटे.

औंध संस्थानचे दरबारी गायक म्हणून लौकिक झाल्यावरही त्यांनी जयपूर घराण्याचे भूर्जी खाँ यांच्यापुढे शिष्यभावाने मांडी घातली. आग्रा घराण्याची विद्या विलायत हुसेन खाँ यांजकडून घेतली. सद्गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ औंधास १९४० साली सुरू झालेल्या संगीतोत्सवाची परंपरा त्यांनी निष्ठेने जपली. १९८७ साली ते निवर्तले.

भजनास साथ करणाऱ्या आम्हां तरुणांस थोडी वाहवा मिळताच शिकणे संपले असे वाटू लागते. बुवांच्या चरित्रापुढे हा भ्रम टिकत नाही.