डोंगरवाटेचे सोबती

अहमदनगरचा किल्ला हा भुईकोट किल्ला. आजच्या अहिल्यानगर शहरालगत, सपाट जमिनीवर तो उभा आहे. भोवती दगडी तट आणि तटाबाहेर खोल खंदक. चांदबिबीने मोगलांच्या प्रचंड सेनेशी झुंज दिली, ती याच किल्ल्यातून. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे इंग्रज सरकारने मुंबईत राष्ट्रसभेच्या पुढाऱ्यांना पकडले आणि त्यांपैकी अनेकांना आगगाडीने नगरला आणून या किल्ल्यात बंदिस्त केले. मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांच्यासारखे बारा जण तेथे एकत्र राहत होते. त्यांतच पंडित जवाहरलाल नेहरू होते. ज्यांचे मन हिमशिखरांवर जडले होते, त्यांच्या वाट्याला आता तटाच्या आतले एक अंगण आणि वरचे आभाळ एवढेच आले होते.

जवाहरलालांचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील मोतीलाल हे नामांकित वकील होते. घराणे मूळचे काश्मीरचे. त्यामुळे पर्वतांची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. १९०५ साली शिक्षणासाठी ते विलायतेस गेले. आधी हॅरोच्या शाळेत व पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी अभ्यास केला. १९१० साली त्यांनी पदवी संपादन केली आणि त्याच उन्हाळ्यात ते नॉर्वे देशात गेले.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाकडील डोंगराळ देश. तेथे अनेक ठिकाणी हिमनद्या आहेत. वर्षानुवर्षे साचलेला बर्फ उतारावरून अतिशय मंद गतीने सरकत असतो. त्यालाच हिमनदी म्हणतात. अशा प्रदेशातून जवाहरलाल आपल्या सोबत्यांसह पायी चालले होते. दिवसभर चालून सारे जण घामाघूम झाले होते. मुक्कामाच्या लहानशा हॉटेलात पोहोचताच त्यांनी स्नानाची सोय विचारली. तेथे तशी काहीच सोय नव्हती. जवळच्या ओढ्यावर जाण्यास त्यांना सांगण्यात आले. तेव्हा हातरुमालाएवढे टॉवेल घेऊन जवाहरलाल व एक तरुण इंग्रज मित्र असे दोघे ओढ्यावर गेले.

तो ओढा हिमनदीतून उगम पावलेला होता. पाणी फार खोल नव्हते. पण ते बर्फासारखे गार होते आणि तळाचे दगड अत्यंत निसरडे होते. जवाहरलालांनी पाण्यात पाऊल टाकले मात्र, तोच त्यांचा पाय घसरला. थंडीने अंग बधिर झाले. हातपाय हलेनात. प्रवाह त्यांना वेगाने पुढे ओढून नेऊ लागला. तोवर त्यांचा मित्र कसाबसा काठावर चढला होता. तो काठाने धावत सुटला. अखेर त्याने जवाहरलालांचा पाय पकडला आणि त्यांना ओढून बाहेर काढले. तेथून दोनतीनशे यार्डांवरच तो ओढा एका प्रचंड कड्यावरून खाली कोसळत होता, हे दोघांना मागाहून कळले!

असाच प्रसंग १९१६ साली काश्मिरात घडला. जवाहरलाल व त्यांचे एक बंधू झोजी खिंडीपलीकडे भटकत होते. अमरनाथची गुहा जवळच आहे असे ऐकून ते पहाटेच निघाले. बारा तास चढ चढल्यावर समोर अफाट हिममैदान दिसले. वाटाड्यांसह सर्वांनी स्वतःस एकाच दोराने बांधून घेतले होते. ताज्या बर्फाखाली दडलेल्या भेगेवर जवाहरलालांचे पाऊल पडले आणि ते खाली गेले. दोर तुटला नाही. सोबत्यांनी त्यांना वर ओढून घेतले. पुढे भेगा अधिकच रुंद होऊ लागल्या, तेव्हा गुहेचे दर्शन न घेताच सर्वांना परतावे लागले.

यानंतर जवाहरलालांनी स्वातंत्र्यलढ्याची वाट धरली. ही वाट डोंगरवाटेहून बिकट होती. तिच्यापायी त्यांना नऊ वेळा तुरुंगवास घडला. नगरच्या किल्ल्यातील तुरुंगवास हा त्यांपैकी शेवटचा आणि सर्वांत दीर्घ होता. तेथे त्यांनी खडकाळ जमीन खणून फुलझाडे लावली. खणताना एकदा जुन्या भिंतीवर कोरलेले सुंदर कमळ त्यांना आढळले.

परंतु बंदिवासातील दुःख बागेने सरत नाही. एप्रिल १९४३ मध्ये मौलाना आझाद यांच्या पत्नी कोलकात्यास निवर्तल्या. अखेरच्या क्षणी पतिपत्नींची भेटही झाली नाही. सरकारकडे सवलतीची याचना करणे आझादांना मान्य नव्हते. अशा वेळी एकमेकांचा आधार हाच त्या बारा जणांचा दोर होता.

१९४४ साली, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, जवाहरलालांनी किल्ल्यात ‘भारताचा शोध’ हा मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली यांच्या विद्वत्तेचा त्यांना फार उपयोग झाला. त्याचे ऋण त्यांनी ग्रंथात नमूद केले आणि तो ग्रंथ नगरच्या किल्ल्यातील आपल्या बंदिवान सोबत्यांनाच अर्पण केला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि जवाहरलाल पंतप्रधान झाले. तेनसिंग व हिलरी यांनी १९५३ साली एकाच दोराने बांधून घेऊन एव्हरेस्टचे शिखर गाठले. तेव्हा भारतीय तरुणांना गिर्यारोहण शिकता यावे म्हणून जवाहरलालांच्या प्रेरणेने १९५४ साली दार्जिलिंग येथे एक संस्था स्थापन झाली. १९५८ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी भूतानला जाण्यासाठी नथू ला ओलांडून पहाडी वाटांनी प्रवास केला. त्या काळी तेथे मोटारीचा रस्ता नव्हता. मानससरोवर पाहण्याची त्यांची तरुणपणापासूनची इच्छा मात्र अपुरीच राहिली. २७ मे १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

नॉर्वेच्या ओढ्यात मित्राने पाय पकडला नसता, तर ती जीवनयात्रा विसाव्या वर्षीच संपली असती. बिकट वाटेवर आपल्याबरोबर चालणाऱ्याचा हात सोडू नये आणि त्याचे ऋणही विसरू नये, हेच नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या त्या ग्रंथाचे अर्पणपत्र सांगते.