वेडा कोण, हे ठरवतो कोण?

मनाच्या डॉक्टरला रुग्णाची जात दिसत नाही, वर्ण दिसत नाही, असे आपल्याला सांगितले जाते. हे सांगणे किती खोटे आहे, ते डॉ. फ्रान्झ फॅनन यांच्या आयुष्यावरून कळते.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी फ्रेंचांच्या ताब्यातील मार्टिनिक बेटावर झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्ससाठी लढले, जखमी झाले, शौर्यपदकही मिळाले. तरी गोऱ्यांच्या नजरेत ते काळेच राहिले. पुढे ल्यों शहरात ते मानसोपचार शिकले. उत्तर आफ्रिकेतून आलेले मजूर अंग दुखते म्हणून दवाखान्यात येत, तेव्हा गोरे डॉक्टर त्यांना ढोंगी, आळशी समजून वाटेला लावत. १९५२ साली लेख लिहून फॅनन यांनी या डॉक्टरी पेशालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

१९५३ मध्ये ते अल्जेरियातील ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जेरियन माणसाचा मेंदूच अविकसित, म्हणून तो जन्मजात गुन्हेगार, असे तिथे आंत्वान पोरो या फ्रेंच प्राध्यापकाचा संप्रदाय शास्त्राच्या नावाने शिकवीत होता. जन्मावरून बुद्धी ठरवण्याचा हा धंदा आपल्या ओळखीचा आहे.

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष रुग्ण होते. त्यांनी सिनेमा, वर्तमानपत्र, समारंभ सुरू केले. स्त्रिया सुधारू लागल्या, पुरुष मात्र गप्पच. रुग्णांनाच दोष देणे सोपे होते. फॅनन यांनी दोष उपचारात शोधला. सारे युरोपच्या साच्यातले होते आणि डॉक्टरला रुग्णांची भाषाही येत नव्हती. मग वॉर्डात त्यांच्या पद्धतीचे कॉफीघर निघाले, मुस्लिम सण साजरे झाले, कथेकरी आला. पुरुष हळूहळू सामील होऊ लागले.

१९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले. छळ झालेले आणि छळ करणारे, दोघेही फॅनन यांच्यापुढे येऊन बसू लागले. अख्खा देश कोंडलेला असताना रुग्ण बरा करून पाठवायचा कुठे? १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५७ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. ट्युनिसमधून ते लढत राहिले, रुग्णही तपासत राहिले. ६ डिसेंबर १९६१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. ब्लिदाच्या रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारात जातीवरून भेदभावाला मनाई केली आहे. पण आमचा तरुण वसतिगृहात झालेला अपमान सांगतो, तेव्हा समोरचा डॉक्टर तो ऐकून घेतो की नुसती गोळी लिहून देतो, हे आम्हीच विचारायला हवे. आणि त्या खुर्चीत बसणारे डॉक्टर आमच्या वस्त्यांतूनही घडवायला हवेत.