रुळाच्या पोटातला तडा शोधणारा माणूस : एल्मर स्पेरी

हिवाळा सुरू झाला की मुंबईकरांना एक बातमी हमखास वाचायला मिळते. अमुक स्टेशनजवळ रुळाला तडा गेला आणि लोकल खोळंबल्या. वरून धडधाकट दिसणारा रूळ अचानक कसा तुटतो, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेलाही पडला होता. त्यावरचा उपाय ज्यानं शोधला, तो मूळचा रेल्वेतला माणूसच नव्हता.

एल्मर अ‍ॅम्ब्रोज स्पेरी. जन्म 1860 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडजवळचा. जन्माच्या वेळीच आई गेली, मग आत्या आणि आजी-आजोबांनी त्याला वाढवलं. पोराला यंत्रांचं भारी वेड. 1876 साली फिलाडेल्फियात भरलेलं मोठं औद्योगिक प्रदर्शन त्यानं पाहिलं आणि विशीत पोहोचेपर्यंत विजेचे दिवे बनवणारी स्वतःची कंपनीही काढली.

पुढे त्यानं खाणीतली यंत्रं केली, विजेवरच्या ट्राम केल्या. पण त्याचं नाव जगभर झालं ते जायरोकंपासमुळे. लोखंडी जहाजावर साधं होकायंत्र गडबडायचं. स्पेरीचं यंत्र वेगानं फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर खरी उत्तर दिशा दाखवायचं. 1911 मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजावर त्याची चाचणी झाली आणि नंतर नौदलानं ते स्वीकारलं.

त्याच वर्षी रेल्वेत एक मोठी दुर्घटना घडली.

25 ऑगस्ट 1911. न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लीहाय व्हॅली रेल्वेची प्रवासी गाडी पुलावर असताना खालचा रूळ तुटला. डबे पुलावरून खाली कोसळले आणि 29 जण गेले. तपासात कळलं की रूळ झिजलेला नव्हता, की बाहेरून कुठे चिरलेलाही नव्हता. तडा होता तो रुळाच्या डोक्याच्या आत, पोलादाच्या पोटात. प्रत्येक चाकाखाली तो थोडाथोडा वाढत गेला आणि एक दिवस रूळच तुटला.

आता अडचण लक्षात घ्या. रोज रुळावरून चालत जाणारा गँगमन कितीही तरबेज असला, तरी त्याला पोलादाच्या आतलं कसं दिसणार? त्यात मालगाड्या दिवसेंदिवस जड होत होत्या. आत काय दडलंय ते कळत नसेल, तर रेल्वेपुढे दोनच वाटा उरतात : एक तर वेग आणि वजन कमी ठेवायचं, नाहीतर शंका आली की चांगले रूळही काढून टाकायचे. दोन्हींत तोटा मालवाहतुकीचाच.

1920 च्या दशकात स्पेरीनं हे कोडं हातात घेतलं. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. त्यात 1923 च्या डिसेंबरमध्ये मुलगा लॉरेन्स गेला. विमानाच्या ऑटोपायलटचं प्रात्यक्षिक दाखवून गाजलेला हा तरुण इंग्लिश खाडीत विमान कोसळून बुडाला. बापानं काम मात्र थांबवलं नाही.

त्याची कल्पना अशी होती : रुळातून जबरदस्त वीजप्रवाह सोडायचा. रूळ आतून एकसंध असेल तर प्रवाह सरळ जातो. मध्ये तडा असेल तर त्याला वळसा घालावा लागतो. सुरुवातीला रुळाला टेकलेल्या ब्रशांनी हा फरक मोजून पाहिला, पण रुळावरची घाण आणि गंज यांमुळे खोटे इशारे मिळायचे. मग त्यानं युक्ती बदलली. प्रवाह वळला की रुळाभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बिघडतं, ते रुळाला न टेकणाऱ्या तारेच्या वेटोळ्यानं पकडायचं ठरलं.

अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या संघटनेनं त्याला पाठिंबा दिला आणि 1928 मध्ये त्याची तपासणी गाडी रुळावर धावू लागली. गाडी हळूहळू पुढे जायची. तडा सापडला की कागदावर रेघ उमटायची आणि त्याच जागी रुळावर रंग उडायचा. मागून येणाऱ्यांना कुठला तुकडा बदलायचा ते नेमकं कळायचं.

यात मालगाड्यांचा काय फायदा? रूळ अवचित तुटला, तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. तडा आधीच सापडला, तर सोयीची वेळ बघून ब्लॉक घ्यायचा, तेवढाच तुकडा बदलायचा आणि मार्ग मोकळा करायचा. नवा मार्ग न टाकताही त्याच रुळांवरून जास्त माल नेता येतो. शिवाय रुळाच्या आतली खबर असल्यामुळे जड डबे चालवण्याचं धाडस करता येतं.

16 जून 1930 रोजी ब्रुकलिनमध्ये स्पेरीचं निधन झालं. आपली गाडी जेमतेम दोन वर्षं धावताना त्याला पाहता आली. हे तडे मुळात पोलादात अडकलेल्या हायड्रोजनमुळे पडतात आणि नवे रूळ सावकाश थंड केले तर ते टळतात, हे त्याच्या मृत्यूनंतर उमगलं. तरी तपासणी सुटली नाही, कारण वापरातल्या रुळाला थकव्यानं तडे जातातच.

आज भारतीय रेल्वेत हेच काम अल्ट्रासोनिक यंत्रं करतात. विजेऐवजी ध्वनिलहरी आल्या, पण तडा रूळ तुटायच्या आधी शोधायचा, हे सूत्र तेच. आपल्या बहुतेक जुन्या मार्गांवर मालडब्याच्या एका अ‍ॅक्सलवर 22.9 टनांपर्यंत भार चालतो, तर जेएनपीटीला उत्तर भारताशी जोडण्यासाठी आखलेला समर्पित मालवाहतूक मार्ग 25 टनांसाठी बांधलाय. भार वाढला की रुळाच्या पोटात डोकावणंही वाढवावं लागतं.

त्यामुळे पुढच्या रविवारी मेगाब्लॉकमुळे वैताग आला, तर एवढं ध्यानात असू द्या : ठरवून घेतलेले ते चार तास, अवचित तुटलेल्या रुळापेक्षा कधीही स्वस्त पडतात.